पहिली मोटारसायकल: आधी पाय टेकू द्या

मुलाला किंवा मुलीला पहिली गाडी घेऊन देताना रंग, रूप आणि सीसीचा आकडा यांपेक्षा महत्त्वाचे असे काय पाहावे?

बारावीनंतर लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळतो किंवा पहिली नोकरी लागते आणि घरात मोटारसायकलचा विषय निघतो. मुलाच्या डोळ्यांसमोर मित्राची दणकट, मोठ्या आवाजाची गाडी असते. वडील अ‍ॅव्हरेज विचारतात, तर आईच्या पोटात नुसत्या कल्पनेनेच गोळा येतो. आईची भीती अनाठायी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती.

म्हणून गाडी नकोच, असे म्हणणे अनेक घरांना परवडत नाही. पण पहिली गाडी ही मिरवण्याची वस्तू नसून शिकण्याचे साधन आहे, एवढे घरातल्या सर्वांनी आधी मान्य करावे. मग निवड सोपी होते.

सीसीपेक्षा वजन महत्त्वाचे

नवशिक्याच्या हातून गाडी बहुधा वेगात पडत नाही, जागेवरच पडते. सिग्नलला थांबताना, चढावर गाडी उचलताना, अरुंद गल्लीत वळवताना किंवा पार्किंगमधून मागे ओढताना तोल जातो. अशा वेळी इंजिनाची ताकद कामी येत नाही. गाडी किती हलकी आहे, यावर सारे अवलंबून असते.

९७ सीसीच्या स्प्लेंडरचे वजन ११२ किलोच्या आसपास आहे. १५० सीसीच्या गाड्या साधारण १४० ते १५० किलोंच्या घरात जातात आणि ३५० सीसीची बुलेट जवळजवळ दोनशे किलोंची. शंभर सीसीचे इंजिन सुमारे आठ हॉर्सपॉवर देते. शहरातल्या रहदारीला ते पुरेसे आहे. रोज हायवेने जायचे असेल किंवा घाट चढायचा असेल, तर १२५ सीसीचा विचार करावा. त्याहून मोठी गाडी हात बसल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी घेता येते.

शोरूममधली परीक्षा

गाडी ज्याला चालवायची आहे, त्यालाच शोरूममध्ये न्यावे. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? फक्त बोटे टेकत असतील, तर दुसरी गाडी पाहावी. मग स्टँड काढून, इंजिन बंद ठेवून गाडी चार पावले पुढे-मागे ढकलून पाहावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. क्लच आणि ब्रेकचे दांडे बोटांत सहज येतात का, तेही पाहावे.

मुलगी असेल तर तिला स्कूटरच हवी, असे गृहीत धरू नये. गिअरची गाडी शिकण्याची तिची इच्छा असेल आणि पाय टेकत असतील, तर शंभर सीसीची हलकी मोटारसायकल तिच्यासाठीही तितकीच योग्य आहे.

ब्रेकची ओळख

गाडी थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. तरीही नवशिके भीतीपोटी फक्त मागचा दाबतात आणि चाक घसरते. हे लक्षात घेऊनच एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांत चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. जुनी गाडी घेताना ती कोणत्या वर्षाची आहे, हे यासाठीही पाहावे.

जुनी घ्यावी की नवी?

शिकताना गाडी एकदोनदा आडवी होणार, ओरखडे पडणार. त्यामुळे तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा नाही. मात्र ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर न्यावे. आरसी बुकावरचे इंजिन आणि चॅसीचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का आणि दंडाची चलने थकली आहेत का, याची खात्री झाल्यावरच पैसे द्यावेत. गाडी नावावर करून घेण्यात चालढकल करू नये.

लायसन्स आणि हेल्मेट

गिअरची मोटारसायकल अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. शिकाऊ परवान्यावर मित्राला मागे बसवून फिरता येत नाही. “गल्लीतच तर चालवतो” म्हणून अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हेल्मेटचे पैसे गाडीच्या खर्चातच धरावेत. अनेक देशांतील पाहण्यांचा २००८ साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसले. आयएसआय शिक्का असलेले, डोक्यावर घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे आणि पट्टा दर वेळी लावावा. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेटही त्याच दिवशी घ्यावे.

पहिला महिना

पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर क्लच सोडणे, सावकाश वळणे आणि दोन्ही ब्रेक मिळून लावणे, एवढाच सराव करावा. मग सकाळी लवकर, रहदारी नसताना रस्त्यावर यावे. रात्र, पाऊस आणि हायवे यांची घाई नको. गाडी हलकी असेल तर या काळातल्या चुका ओरखड्यांवर निभावतात. पहिल्या गाडीकडून घरच्यांनी याहून अधिक अपेक्षा ठेवू नये आणि याहून कमीवर समाधानही मानू नये.