गंजगोलाई आणि आवाजाची वाट

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. ज्याला भुसार हवे तो भुसाराच्या वाटेने जातो, ज्याला कापड हवे तो कापडाच्या. सोळाही रस्त्यांवरची गर्दी एकमेकांत घुसली, तर बाजारच बंद पडावयाचा. आजकालच्या मोठ्या सभेतील आवाजाची व्यवस्था समजून घ्यावयाची असेल, तर हा चौक डोळ्यांपुढे आणावा.

पूर्वी प्रत्येक माईकची तार स्वतंत्रपणे मिक्सरपर्यंत जाई. बत्तीस माईक म्हणजे मनगटाएवढा जाड दोर. आता व्यासपीठावरील पेटीतच आवाजाचे आकडे होतात. सेकंदाला ४८,००० मोजण्या, प्रत्येक मोजणी २४ बिटांची. हिशेब केला तर बत्तीस माईकांचे सेकंदाला पावणेचार कोटींहून थोडे कमी बिट भरतात, आणि संगणकाच्या एका तारेतून शंभर कोटी जाऊ शकतात. तेव्हा वाण जागेची नाही, वेळेची आहे. पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा आले तरी वाचता येते. तबल्याची थाप तेवढी उशिरा आली, की ती गेलीच.

म्हणून स्विच नावाच्या पेटीला, म्हणजे आपल्या गोलाईला, सांगून ठेवावे लागते : आवाजाला आणि घड्याळाच्या ठोक्याला आधी वाट द्यावी, ज्याने जे मागितले तेच त्याच्याकडे धाडावे, आणि वीज वाचविण्यासाठी डुलकी घेऊ नये. तांब्याची तार शंभर मीटरांपुढे नेऊ नये. तेथून पुढे काचतंतू.

नांदेडच्या आमच्या एका कार्यक्रमात दुपारी सर्व ठाकठीक होते. साउंडवाला पडद्यावर बोट फिरवून, बिनतारी, मंडपाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आवाज जुळवीत होता. सायंकाळी मंडप भरला, शेकडो खिशांतून मोबाईल आले आणि बिनतारी वाट तुंबली. गायिकेचा माईक शिट्टी मारू लागला. साउंडवाल्याचे बोट फिरत होते, पण मिक्सरला ते कळत नव्हते. तो पळत मिक्सरपाशी पोचेपर्यंत गायिका थांबल्या होत्या. बिचाऱ्याचा कान उत्तम होता. पण दुपारची मोकळी हवा आणि रात्रीची गर्दी यांतला फरक त्याला कोणी शिकविला नव्हता.

हे शिक्षण आपल्याकडे नाही असे नव्हे. विष्णुपुरीच्या गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत १९८१ पासून मुले शिकत आहेत. स्विच, पत्ते, वाहतूक हे संगणकाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. मंडपात मात्र तो श्रोता म्हणून बसतो. पुढील कार्यक्रमात आम्ही अशाच एका मुलाला साउंडवाल्याशेजारी बसविले. त्याने वेगळी, ५ गिगाहर्ट्‌झची बिनतारी वाट काढली, यंत्र डोक्यांच्या वर टांगले, आणि मिक्सरला तारेने जोडलेला एक संगणक हाताशी ठेवला. माईकची शिट्टी कोठून येते, हे मात्र त्याला साउंडवाल्यानेच दाखविले.