संशयापोटी मिळालेली रजा

सरकारी बँकेत मोक्याच्या जागी नेमलेल्या अधिकाऱ्यास वर्षातून एकदा, आगाऊ सूचना न देता, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर धाडावे, आणि त्या अवधीत त्याच्या दप्तराला वा संगणकाला त्याचा हात लागू देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक असून, २०१५ साली घातलेला हा नियम २०२१ मध्ये अधिक काटेकोर करण्यात आला. हेतू उघड आहे. अफरातफर करणाऱ्यास आपला खोटा हिशेब रोजच्या रोज जुळवता ठेवावा लागतो, आणि तो खुर्चीवरून उठला की परक्या नजरेला विसंगती दिसू लागते. कर्मचाऱ्याच्या विश्रांतीशी या नियमाचा मुळात संबंध नाही. तथापि अर्ज न करता मिळणारी आणि ‘शाखेत माणसे नाहीत’ या सबबीवर, निदान नियमाने तरी, नामंजूर न होणारी अशी ही एकच रजा आहे, यावरून आपल्या व्यवस्थापनशास्त्राची जी कल्पना यावयाची ती येते.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा आणि १९८० मध्ये आणखी सहा बँका सरकारी झाल्यावर शाखा खेडोपाडी पोहोचल्या, आणि पुढे जनधन खाती, सरकारी अनुदाने, नोटाबंदीच्या काळातील रांगा असे एकेक ओझे त्याच काउंटरवर येऊन पडले. त्यात भर विमा नि म्युच्युअल फंड खपविण्याच्या टार्गेटची! कर्जाची छाननी करण्यात ज्याची बुद्धी खर्ची पडावी, त्या व्यवस्थापकाने सायंकाळी, रोकड मिळवून तिजोरीला कुलूप लागल्यावर, वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठकीत आज किती पॉलिसी झाल्या याचा जबाब द्यावा, यास देखरेख म्हणणे कठीण आहे. अधिकारीपद म्हणजे दूरची बदली, ही धास्ती तर इतकी मुरलेली आहे की पात्र असूनही बढती नाकारणारे कारकून जवळपास प्रत्येक शाखेत भेटतात. संसार, शाळा आणि वृद्ध आईवडील यांचा हिशेब त्यांनी केलेला असतो.

हक्काच्या रजेची गत निराळी नाही. ती साठवून निवृत्तीच्या वेळी तिचे रोख मूल्य घेण्याची सोय असल्यामुळे रजा ही भोगण्याची वस्तू न राहता एक मुदत ठेवच होऊन बसली आहे, आणि बँकेलाही ते सोयीचे पडते.

सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला. पाच दिवसांच्या आठवड्यावर ८ मार्च २०२४ रोजी बँकांची संघटना व कर्मचारी संघटना यांचे एकमत झाले, परंतु ते सरकारच्या मान्यतेच्या अटीवर. ही मागणी रास्तच आहे. मात्र सुट्टीच्या दिवशीही फोन वाजत राहिले, तर पंचांगातील बदलाने फारसे साधणार नाही. फसवणुकीच्या धास्तीने दहा दिवस बदली माणूस उभा करणाऱ्या बँकेने, कर्मचाऱ्याच्या घरचे आजारपण वा लग्नकार्य असता मनुष्यबळाची सबब सांगावी, हे मान्य करण्याजोगे नाही.