गाळ खाली बसेपर्यंत

पहाटे 5:50
हरिपूरचा घाट. सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर वारणा इथं कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात दिवा लागलाय. पायऱ्यांवर सहा जण कुडकुडत उभे आहेत, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे. सोबत त्यांच्या बाई. इतक्या लवकर यायला कारण आहे. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र माशांसारखंच तो खातं. म्हणून पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो उजाडायच्या आधी. नदीची खरी तब्येत बघायची तर हीच वेळ.

6:15
होडी भोईकाकांची. अर्ध्या दिवसाचे पाचशे ठरलेत. काका आधीच बजावतात, "कडेला पाय सोडून बसायचं न्हाई. मगर हाय." कुणी हसत नाही. कृष्णेत मगर आहे, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

6:30
काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. शिरोळकडची एक मुलगी तीनदा भरते, दोनदा ओतून देते. मग दोन औषधं, दोन-दोन मिलिलीटर: मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. आत तपकिरी साका धरतो. प्राणवायू नसता तर साका पांढरा राहिला असता. बोटं गारठलीत. बाटलीवर वेळ लिहिताना पेन चालत नाही, पेन्सिल चालते.

7:20
गढूळपणा मोजायची तबकडी विकत आणलेली नाही. डब्याचं झाकण, त्यावर काळा-पांढरा रंग, मधोमध दोरी, खाली लोखंडी नट. खर्च साठ रुपये, त्यातला बराचसा रंगाचा. तबकडी खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीला चिमटा. वर ओढत दिसू लागली की दुसरा चिमटा. दोन्हींची सरासरी. ऊन पाण्यावर चमकलं की मापात गडबड होते, म्हणून होडीच्या सावलीत.

8:30
काठालगत, गुडघाभर पाण्यात. मच्छरदाणीचं कापड दोन बांबूंना शिवलंय. एकानं जाळी धरायची, दुसऱ्यानं वरच्या अंगाला पायानं दगड-गाळ ढवळायचा. काका बांबू घेऊन पाण्याकडं डोळा ठेवून उभे. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये. गोगलगायी, चतुराचं एक पिल्लू आणि बऱ्याच लाल अळ्या. या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळं घाणीत, कमी प्राणवायूतही त्या जगतात. नुसत्या त्याच सापडल्या तर नदीचं काही खरं नाही. चतूर सापडला म्हणून पोरं खूश. मोजून सगळं परत पाण्यात.

10:15
घाटावर चहा दहा रुपये, वडापाव पंधरा. हिशेबाची वही एकाकडंच. बाई म्हणतात, "पावती नसली तरी लिहा."

11:00
वडापनं पुढच्या गावाला, मातीचा नमुना घ्यायला. माणशी वीस रुपये, कुदळ-घमेली टपावर. ओढ्याच्या कडेनं उसाचं रान. बांधापलीकडं बायका भांगलण करताहेत, हजेरी तीनशे. मधला एक पट्टा उजाड आहे. रानमालक सांगतात, "पाऊस झाला की तळं, वाळली की दगुड. पाणी मुरतच न्हाई. वडलांच्या टायमाला हितं जोंधळा यायचा." या जमिनीला इकडं चोपण म्हणतात. भारी काळी जमीन, वर्षानुवर्षं पाटाचं पाणी आणि निचरा नाही. मग सोडियम मातीला धरून बसतो.

11:40
कुदळीनं इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा. आतली माती काढून टाकायची, मग खुरप्यानं बाजूची कड वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. असे दहा खड्डे. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळायची, गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे. पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. मुलांच्या तळहातांना फोड आलेत. भांगलणाऱ्या एक मावशी लांबून ओरडतात, "खुरपं असं धरत्यात व्हय?" आणि येऊन दाखवून जातात.

1:30
लिंबाखाली डबे. रानमालक ताकाची कळशी पाठवतात. याचे पैसे वहीत लिहायचे नसतात.

3:30
कॉलेजची प्रयोगशाळा. सकाळच्या बाटल्यांत आम्ल टाकलं की तपकिरी साका विरघळतो, पाणी सोनेरी होतं. त्यातलं 200 मिलिलीटर घ्यायचं. वरून ठरावीक तीव्रतेचं थायोसल्फेट, थेंब थेंब. रंग फिका झाला की स्टार्च, पाणी निळंशार. आणखी थेंब. मग एका थेंबासरशी निळा रंग जातो. जितके मिलिलीटर लागले, तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये. तो शेवटचा थेंब चुकला की सकाळची थंडी फुकट. शिरोळकडची मुलगी श्वास रोखून उभी आहे.

4:15
माती रद्दीवर सावलीत पसरली. वाळून, कुटून, चाळून तपासणीला चार दिवस. तोवर एक गावठी परीक्षा. पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या: एकीत नदीकाठची मळी, दुसरीत ओढ्याचा गाळ, तिसरीत चोपण. वर शुद्ध पाणी. खळखळून हलवायचं आणि ठेवायचं. वाळू मिनिटभरात तळाला.

6:15
पोयटाही बसला. पहिल्या बाटलीत पाणी वरून निवळू लागलंय. दुसरीत थोडं. तिसरी अजून चहासारखी. सोडियमनं चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे केलेत. ते बसत नाहीत, तरंगत राहतात. पावसात हेच कण ओढ्यानं नदीत जातात. त्यांना चिकटून शेतातला फॉस्फरसही जातो. मग केंदाळ पोसतं. सकाळची तबकडी लवकर का दिसेनाशी होते, याचं एक कारण या टेबलावर उभं आहे.

6:40
दिवसाचा खर्च एक हजाराच्या थोडा वर. सहा जणांत वाटून घेतला. बाई दिवे मालवतात. तिसऱ्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे: हलवू नये. सकाळी बघायची आहे.