मोफत खाते बंद होते तेव्हा : लाइव्हजर्नलचा प्रसंग आणि आपले लिखाण



आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे लिखाण आणि फोटो आज इंटरनेटवरच्या कुठल्या ना कुठल्या मोफत खात्यात आहेत. कोणी आजोबांच्या वहीतल्या आठवणी ब्लॉगवर टंकून ठेवल्या आहेत, कोणी गणेशोत्सवाचे वर्षानुवर्षांचे फोटो चढवले आहेत, तर कोणी घराण्याची वंशावळ. पैसे पडत नाहीत आणि जागाही पुरते, तेव्हा काळजीचे कारण नाही असे आपण धरून चालतो. पण ही मोफत जागा चालते कोणाच्या पैशावर, आणि मालकाचे गणित बदलले की आपल्या हातात काय राहते, हे समजण्यासाठी २००८ साली लाइव्हजर्नल या संकेतस्थळावर जे घडले ते पाहण्यासारखे आहे. प्रसंग दूरचा असला तरी त्यातून निघणारे प्रश्न आपल्या मंडळाचेही आहेत, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहोत.

लाइव्हजर्नल म्हणजे काय?

ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९९ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केले. शाळेतल्या मित्रांनी एकमेकांची खबरबात ठेवावी, एवढाच मूळ हेतू होता. प्रत्येकाची एक रोजनिशी असे. मित्रांनी लिहिलेले सगळे एकाच पानावर वाचता येई आणि त्याखाली प्रतिक्रिया देता येत. एखादी नोंद सर्वांना दाखवायची, की फक्त मित्रांना, की ती स्वतःपुरतीच ठेवायची, हे लिहिणारा ठरवी. एकाच विषयात रस असलेले लोक मिळून समूहही काढत. आज फेसबुकवर आपण जे गृहीत धरतो, त्यातले बरेच काही तिथे आधीपासून होते.

हे चालवणे सोपे नव्हते. प्रत्येक वाचकाचे मित्र वेगळे आणि परवानग्याही वेगळ्या, म्हणून प्रत्येकासाठी पान वेगळे तयार करावे लागे. सदस्य वाढले तसा सर्व्हरवरचा ताण वाढला. २००१ ते २००३ या काळात नवे खाते उघडायला जुन्या सदस्याकडून आमंत्रणाचा संकेतांक मिळवावा लागे, किंवा पैसे भरावे लागत. हाच ताण कमी करण्यासाठी फिट्झपॅट्रिकने २००३ मध्ये मेमकॅश्ड नावाची प्रणाली लिहिली. वारंवार लागणारी माहिती संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवायची, म्हणजे दर वेळी मूळ साठ्यापर्यंत जावे लागत नाही, असे तिचे काम. ती सर्वांना मोफत दिली गेली आणि पुढे जगातल्या मोठमोठ्या संकेतस्थळांनी वापरली.

खर्च भागे तो काही सदस्यांच्या वर्गणीतून. वर्गणी भरणाऱ्याला जास्त सोयी मिळत, बाकीच्यांचे खाते मोफत असे. जाहिराती नव्हत्या, आणि त्या घेणार नाही असे चालकांनी सदस्यांना सांगितलेही होते. शिवाय कितीतरी जण मदतनीस म्हणून विनामोबदला काम करत. आपल्या मंडळाच्या कारभारासारखाच हा प्रकार होता : थोडे जण वर्गणी देतात, थोडे जण अंगमेहनत करतात, आणि कार्यक्रम सगळ्यांसाठी होतो.

मालक बदलले, मग अटी बदलल्या

जानेवारी २००५ मध्ये सिक्स अपार्ट या अमेरिकन कंपनीने लाइव्हजर्नल विकत घेतले. २००६ मध्ये तिने खात्याचा एक नवा प्रकार आणला. त्यात पैसे न भरता काही जादा सोयी मिळत, पण त्या बदल्यात पानावर जाहिराती दिसत. ज्यांना त्या नको होत्या त्यांच्यासाठी जुने साधे खाते होतेच : सोयी थोड्या, पैसे नाहीत, आपल्या रोजनिशीवर जाहिरातही नाही.

डिसेंबर २००७ मध्ये पुन्हा विक्री झाली. या वेळी घेणारी सूप ही रशियन कंपनी होती. रशियात लाइव्हजर्नलला फार मोठा वाचकवर्ग मिळाला होता. तिथले लेखक, पत्रकार, राजकारणी त्यावर लिहीत. 'झे-झे' या रशियन आद्याक्षरांनी ते ओळखले जाई, आणि ब्लॉग म्हणजे झे-झे असे समीकरणच तिथे झाले होते.

मग १२ मार्च २००८ रोजी नव्या सदस्यांसाठी साधे खाते बंद झाले. यापुढे खाते उघडणाऱ्याने एक तर पानावर जाहिराती घ्यायच्या किंवा पैसे भरायचे. नोंदणीची प्रक्रिया सुटसुटीत केली आहे, अशा भाषेत हा बदल सांगण्यात आला. ज्यांची साधी खाती आधीपासून होती, त्यांना मात्र हात लावला नव्हता.

जुन्यांना झळ नव्हती, तरी ते का चिडले?

या प्रकरणातली समजून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. चिडलेल्या बहुतेकांचे स्वतःचे काहीच गेले नव्हते. कितीतरी जण तर पैसे भरणारे सदस्य होते. तरीही २१ मार्च २००८ रोजी एक दिवसाचा संप करायचे आवाहन झाले. चोवीस तास कोणी नवी नोंद लिहायची नाही आणि प्रतिक्रियाही द्यायची नाही, असा तो संप होता.

सदस्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. आपण येथे येतो ते मित्रांचे लिखाण वाचायला, आणि त्या मित्रांपैकी बहुतेक जण मोफत खात्यावर लिहितात. ते पैसे देत नाहीत हे खरे, पण वाचण्याजोगे जे काही येथे आहे त्यातले बरेचसे तेच देतात. पैसे भरणारा सदस्य पैसे भरतो तोही त्यांच्यामुळेच. उद्याचे लिहिणारे दारातच अडवले, तर आजचे सदस्य हळूहळू एकटे पडतील. कंपनीच्या हिशेबात मोफत सदस्य खर्चाच्या बाजूला होता, तर सदस्यांच्या हिशेबात तो जमेच्या बाजूला होता.

दुसरी तक्रार होती ती विश्वासाची. खर्च वाढला आहे, मोफत खाती परवडत नाहीत, काय करावे, असे मोकळेपणाने विचारले असते तर वर्गणी वाढवून द्यायला तयार होणारेही निघाले असते. पण निर्णय आधी झाला आणि कळला नंतर.

कंपनीची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. सर्व्हर, वीज, कर्मचारी यांना पैसे लागतात, आणि विकत घेणाऱ्याला गुंतवलेले पैसे परत हवे असतात. दर वर्षी लाखो पाने फुकट सांभाळा, असे कोणालाही कायम सांगता येत नाही. जाहिरात घेणे हे पापही नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली ही परंपरा मोठ्या प्रमाणावर जाहिरातींच्याच आधाराने चालली आहे. आपल्या मंडळाची स्मरणिकाही तशीच निघते. फरक इतकाच की स्मरणिकेत कोणाची जाहिरात घ्यायची हे आपले संपादक मंडळ ठरवते. रोजनिशीच्या पानावर मात्र वडिलांच्या निधनाची नोंद असली, तरी शेजारी काय झळकावे हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

पुढे काय झाले?

एका दिवसाच्या संपाने निर्णय लगेच फिरला नाही. मे महिन्यात कंपनीच्या सल्लागार मंडळावर सदस्यांचा प्रतिनिधी असावा म्हणून मतदान घेण्यात आले. त्याच वर्षी पुढे साधे मोफत खाते नव्या सदस्यांसाठी पुन्हा उघडले गेले. मात्र आता खात्यात प्रवेश न करता आलेल्या पाहुण्या वाचकाला त्या पानांवरही जाहिराती दिसू लागल्या.

पण तोपर्यंत काही जणांनी वेगळा मार्ग धरला होता. लाइव्हजर्नलची मूळ संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली होती. ती घेऊन तिथल्याच काही माजी कर्मचाऱ्यांनी ड्रीमविड्थ नावाचे नवे संकेतस्थळ उभारले, आणि एप्रिल २००९ च्या अखेरीस ते लोकांसाठी खुले झाले. जाहिरात घ्यायची नाही, खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागवायचा, असे धोरण त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केले आणि पाळले. जुन्या नोंदी प्रतिक्रियांसकट इकडे आणायची सोयही त्यांनी केली. आकाराने ते लाइव्हजर्नलपेक्षा कितीतरी लहान राहिले, पण टिकले.

लाइव्हजर्नलचे सर्व्हर २०१६ च्या अखेरीस रशियात हलवले गेले. एप्रिल २०१७ मध्ये सदस्यांपुढे रशियन कायद्याला बांधलेला नवा करार आला. तो मान्य केल्याशिवाय खाते वापरता येईना. अनेक जुने इंग्रजी लेखक त्या वेळी आपले लिखाण घेऊन बाहेर पडले. ज्यांनी प्रत काढून ठेवली होती त्यांना ते सोपे गेले.

हे आपल्याकडेही घडले आहे

याहू कंपनीचे जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. आपल्यापैकी अनेकांना आठवणारे ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि त्यावरचे मराठी समूहही त्याबरोबर गेले. परदेशातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींना जोडणाऱ्या याहू ग्रुप्सवरचे साठवलेले पत्रव्यवहार डिसेंबर २०१९ पासून काढून टाकले गेले, आणि वर्षभराने ती सेवाच थांबली. गूगल फोटोजमध्ये अमर्याद मोफत जागा मिळत होती, ती सवलत १ जून २०२१ पासून संपली. तेव्हापासून नवे फोटो पंधरा जीबीच्या मोजणीत धरले जातात. यातला कोणताही निर्णय बेकायदा नव्हता. जागा त्यांची होती, लिखाण तेवढे आपले होते.

उलट बाजूचे उदाहरण म्हणून मायबोली पाहावी. १९९६ मध्ये सुरू झालेले हे मराठी संकेतस्थळ मराठी माणसांनीच चालवले आणि ते आजही चालू आहे.

आपण वडोदऱ्याची माणसे, 'मोफत' या शब्दाचा खरा अर्थ आपल्याला परका नसावा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे उभे केले. वाचकाला पैसे पडत नव्हते, पण खर्च कोणीतरी करत होते, आणि कोण करते हे सर्वांना ठाऊक होते. मोफत सेवा घ्यावी, जरूर घ्यावी. तिचा खर्च कोण उचलतो आणि कशाच्या बदल्यात, एवढे मात्र विचारून घ्यावे.

आपण काय करू शकतो?

मोफत खाती सोडून द्या, असे आमचे म्हणणे नाही. पुढील गोष्टी मात्र प्रत्येक घरात व्हाव्यात :

१. ब्लॉग असेल तर वर्षातून एकदा त्याची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींत तशी सोय आहे. दिवाळीची साफसफाई करताना हेही काम उरकावे, म्हणजे विसरत नाही.

२. ती प्रत दोन जागी ठेवावी. एक घरच्या संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर, दुसरी वेगळ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे, भावाकडे किंवा मावशीकडे.

३. जुने लिखाण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर ते आताच युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. फाइल शाबूत असली तरी फॉन्ट नसेल, तर उघडल्यावर नुसती चिन्हे दिसतात.

४. खात्याचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावा. वडीलधाऱ्यांच्या ब्लॉगबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे.

५. फोटो चढवताना साल, ठिकाण आणि माणसांची नावे वेगळ्या कागदावरही लिहून ठेवावीत. सेवा बंद पडली की खालची वर्णने बहुधा आधी हरवतात.

६. महत्त्वाच्या लेखाचा एक छापील कागद काढावा. कागदाला पासवर्ड लागत नाही.

मंडळाच्या संकेतस्थळाचा खर्चही आपण याच दृष्टीने पाहावा. नाव, जागा आणि देखभाल यांसाठी दर वर्षी काही रक्कम लागते, आणि ती सभासदांच्या वर्गणीतून येते. त्यामुळे या पानांवर काय दिसावे हे आपल्या सभेत ठरते. वर्गणी न भरलेल्या कुटुंबातल्या मुलानेही येथे लिहावे, नव्याने शहरात आलेल्या घरानेही आपली ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटते. लाइव्हजर्नलच्या सदस्यांचे भांडण होते ते अशाच नव्या माणसासाठी. आपल्याकडेही पुढच्या अंकांचे लिखाण बहुधा अशाच कोणाच्या हातून यायचे आहे.

घरातल्या आठवणींची प्रत मंडळाकडेही ठेवायची असेल, तर कार्यालयात आणून द्यावी. लिखाणावरचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहील, आणि मागाल तेव्हा ते परत मिळेल.