लॅपटॉप : एक डोळस खरेदी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने लॅपटॉपच्या अंतरंगावर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र गालातल्या गालात हसतील. खुशाल हसोत! पुढे लिहिले आहे ते मी ठेच खाऊन शिकलो आहे, आणि पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, एवढ्याच आशेने ही लेखणी हाती घेतली आहे.

२०२१ साली मी अकरावीत होतो. वर्ग ऑनलाइन भरत. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून माझ्यासाठी लॅपटॉप आणला. चंदेरी रंगाचा, वहीसारखा पातळ. "मुलाचं कॉलेज संपेपर्यंत बघायला नको," असे दुकानदार म्हणाला. यंत्राची रॅम होती ४ जीबी आणि साठवणीची जागा ६४ जीबी. विंडोजने त्यातली बरीच जागा पहिल्याच दिवशी व्यापली. वर्षभरात नवे अपडेट मावेनासे झाले. एक धडा उघडला की दुसरा गोठू लागला. दुरुस्तीवाल्याने मागचे झाकण उघडले आणि लगेच मिटले. "सगळं बोर्डलाच सोल्डर केलंय. यात वाढवण्यासारखं काही नाही." पतसंस्थेचे चार हप्ते तेव्हा बाकी होते. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या दिवशी जो नियम मला उमगला, तोच या लेखाचा गाभा आहे : जे पुढे बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घालावेत, जे बदलता येते, ते थांबू शकते, आणि जे आपल्याला लागतच नाही, त्याच्या मोहात पडू नये. भाड्याचे घर पाहताना आपण भिंतीच्या रंगापेक्षा खिडकीची दिशा आणि नळाचे पाणी पाहतो, तसेच हे आहे.

आता एकेका भागाकडे वळू. आपले ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. कपाटे म्हणजे साठवण, वाचनाचे टेबल म्हणजे रॅम आणि टेबलाशी बसलेला वाचक म्हणजे प्रोसेसर. वाचक कितीही हुशार असला, तरी टेबल वीतभर असेल तर एक पुस्तक मिटल्याशिवाय त्याला दुसरे उघडता येणार नाही. म्हणून पहिला मान रॅमचा. निबंधलेखन, चार-दोन पीडीएफ आणि ब्राउझर एवढ्यासाठी आज ८ जीबीवर कसेबसे भागते. चार-पाच वर्षे यंत्र वापरायचे असेल तर १६ जीबी घ्यावी. आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा : ही रॅम सोल्डर केलेली आहे की तिच्यासाठी खाच आहे? तपशिलात एलपीडीडीआर असा शब्द दिसला, तर ती बहुतेक वेळा बोर्डलाच जडवलेली असते. तशी असेल, तर पुढे लागेल तेवढी आजच घेणे भाग आहे. मोकळी खाच असेल, तर आज ८ घेऊन पुढे पैसे जमल्यावर आणखी ८ घालता येतील.

दुसरी गोष्ट साठवणीची. एसएसडी हवीच, आणि ती एम-डॉट-टू खाचेत बसणारी असावी. म्हणजे पुढे काढून मोठी बसवता येते. स्वस्त यंत्रांत कधी कधी ईएमएमसी नावाची साठवण असते. ती धिमी असते आणि तीही बोर्डलाच चिकटलेली असते. माझ्या यंत्रात तीच होती! जाता जाता एक शंका दूर करतो. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ च दाखवते. यात दुकानदाराची लबाडी नाही. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो हिशेब.

तिसरा प्रोसेसर. इथे भल्याभल्यांची फसगत होते. "आय ७ आहे," एवढे ऐकून आपण भारावतो. पण कोणत्या पिढीचा, हे विचारत नाही. 'आय ५-१२३५ यू' या नावात १२ हा आकडा पिढी सांगतो आणि 'यू' हे अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर असल्याचे सांगते. जुन्या पिढीचा आय ७ नव्या पिढीच्या आय ३ पुढेही मागे पडू शकतो. रायझनच्या सात हजारी मालिकेत तिसरा आकडा पाहावा. ७५२० यू मधला २ म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ ही रचना. ७५३० यू मधला ३ म्हणजे तिच्यानंतरची झेन ३. नावे जुळ्या भावंडांसारखी, पोटात मात्र एका पिढीचे अंतर! तरीही आपल्या अभ्यासाला नव्या पिढीचा आय ३ किंवा रायझन ३ बहुधा पुरतो. वाचलेले पैसे रॅमकडे वळवावेत.

चौथा पडदा. हाही सहजासहजी बदलता येत नाही. १३६६ बाय ७६८ चा पडदा म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके, तर १९२० बाय १०८० चा म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. मराठी वाचणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. कमी ठिपक्यांवर बारीक अक्षरातले रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. रात्री दोन तास वाचले की डोळे चुरचुरतात. पडदा आयपीएस प्रकारचा असावा, म्हणजे बाजूने पाहतानाही रंग फिके पडत नाहीत. उजेड निट्समध्ये मोजतात. खोलीत २५० निट्स चालतात; खिडकीशी बसणाऱ्याने ३०० च्या वर पाहावे.

कळफलकावर दुकानातच एक परिच्छेद टंकून पाहावा, आणि तोही मराठीत. इनस्क्रिप्ट ही मांडणी विंडोजमध्ये आधीपासून असते. ती फक्त सुरू करावी लागते. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते. ४२ वॉट-तासांची बॅटरी आणि ७ वॉट खाणारे साधे काम असेल, तर भागाकाराने सहा तास येतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावातल्या मित्रांनी हा भागाकार करूनच पैसे मोजावेत. चर्चासत्रात प्रोजेक्टरला जोडण्यासाठी एचडीएमआयचे भोक आहे ना, तेही पाहावे.

राहिले वेगळे ग्राफिक्स कार्ड. लघुपट संकलित करणाऱ्यांनी किंवा खेळ खेळणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे. इतरांसाठी ते नाकापेक्षा मोती जड. किंमत वाढते, वजन वाढते आणि बॅटरी लवकर संपते.

जुना लॅपटॉप घेणे मुळीच कमीपणाचे नाही. पण विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. सातव्या पिढीचे यंत्र कोणी मातीमोल भावात देऊ लागला, तर त्यामागचे कारण बहुधा हेच असते. अशा यंत्रावर विनामूल्य मिळणारे लिनक्स चालवता येते. ती तयारी मात्र असावी.

शेवटी एकच सांगणे. दुकानात जाण्यापूर्वी यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या तपशीलपत्रकात रॅमच्या खाचा, साठवणीचा प्रकार आणि पडदा या तीन ओळी शोधाव्यात. एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो. खरी ओळख त्या क्रमांकातच असते. रंग आणि झळाळी त्यानंतर.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीसाठी लॅपटॉप घ्यायची वेळ आली. या खेपेस वडिलांनी मला बरोबर नेले. दुकानदार पातळपणाचे, रंगाचे गुणगान करीत होता. वडिलांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, "हे उघडून आत काही वाढवता येतं ना?"

दुकानदार क्षणभर थांबला आणि त्याने दुसरा लॅपटॉप काढला. तो थोडा जाड होता, रंगानेही काळा. आम्ही तोच घेतला.