भोंगा, गेटसभा आणि व्हॉट्सअ‍ॅप

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तेव्हा परळ-लालबागच्या चाळींत निरोप पोहोचे तो गेटसभेतून आणि नाक्यावरच्या फळ्यावरून. बोलणारा समोर उभा असे. त्याला तिथेच जाब विचारता येई. आज तोच निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरून क्षणात दादरहून गिरगावात जातो. ही सोय मोठी आहे. सभेची वेळ आम्हीही तिच्यावरूनच कळवतो.

परंतु पूर्वी भोंगा झाला की पाळी संपे. आता साहेबाचा हुकूम रात्री घरीही येतो. शिवाय पुढे ढकललेल्या मजकुराचा मूळ धनी सापडत नाही. मुले पळवणाऱ्या टोळीची अशीच अफवा फोनाफोनी फिरली आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग घटतो. खरेखोटे ठरत नाही.

ते ठरवण्याचे काम आपले आहे. निरोपाला धनी नसेल तर तो पुढे ढकलू नये; असेल तर त्याला विचारावे. वाद फोनवर खुशाल व्हावा, निर्णय मात्र सभेत, समोरासमोर व्हावा.