‘पोर्गी’ : कादंबरीतून संगीतिकेकडे

ड्यूबोझ हेवर्ड यांची ‘पोर्गी’ ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याच्या चार्ल्स्टन शहरातील एका कृष्णवर्णीय वस्तीत राहणारा पांगळा भिकारी हा तिचा नायक. लेखक त्याच शहरातला, परंतु गौरवर्णीय घराण्यातला. त्यामुळे निवेदन सहानुभूतीचे असले तरी ते वस्तीबाहेर उभे राहून केलेले आहे. संगीतिकेत असा निवेदक उरत नाही. १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’मध्ये त्याची जागा वृंदगानाने घेतली. या रूपांतराचे खरे महत्त्व या अदलाबदलीत आहे.

मधला टप्पा नाटकाचा. हेवर्ड आणि त्यांच्या पत्नी डॉरथी यांनी १९२७ च्या नाट्यरूपांतरात शेवट बदलला. कादंबरीच्या अखेरीस पोर्गी एकाकी, खचून गेलेला उरतो. नाटकात तो बोकडाच्या गाडीतून बेसच्या शोधार्थ न्यूयॉर्कची वाट धरतो. संगीतिकेने हाच शेवट स्वीकारला. (कादंबरीला पेलणारी खिन्न स्तब्धता रंगभूमीला सहसा परवडत नाही.)

संगीतकार जॉर्ज गर्शविन यांनी १९३४ च्या उन्हाळ्यात चार्ल्स्टनजवळच्या फॉली बेटावर मुक्काम केला. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज असलेला गलाभाषिक समाज त्या परिसरात राहतो. त्याच्या प्रार्थनासभांत गर्शविन केवळ श्रोते म्हणून बसले नाहीत. टाळ्यांच्या आणि पदाघातांच्या लयीत ते सामीलही झाले. उत्तर कॅरोलायनातील हेंडरसनव्हिल येथे एका प्रार्थनास्थळाबाहेर त्यांनी व हेवर्ड यांनी अनेक कंठांतून एकाच वेळी उठणाऱ्या प्रार्थना ऐकल्या. प्रत्येकीचा आरंभ वेगळा, विषय वेगळा. तरी त्या कल्लोळातून एक निश्चित लय आकारास येत होती. वादळाच्या प्रवेशातील एकत्र गुंफलेल्या सहा प्रार्थना या अनुभवातून आल्या. कादंबरीकाराला असा कल्लोळ एकामागून एक वाक्यांतच मांडावा लागतो; वृंदगान तो एका क्षणात उभा करते.

मात्र वस्तीचा आवाज येथे जसाच्या तसा आला, असे म्हणता येणार नाही. तयार लोकगीते न घेता गर्शविन यांनी त्या धर्तीची गाणी स्वतः रचली. कृष्णवर्णीय वृंदगान-संचालक हॉल जॉन्सन यांनी १९३६ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर या कृतीची कठोर चिकित्सा केली. दुसरी एक योजना मात्र अर्थपूर्ण आहे. पोलीस, तपासनीस इत्यादी गौरवर्णीय पात्रे गातच नाहीत, नुसती बोलतात. मराठी संगीत नाटकातही गद्य पात्रे असतात, पण तेथे ती विभागणी वर्णाची नसते. येथे कायद्याची भाषा गद्य आहे आणि गाणे वस्तीचे.

गाणारा समाज रंगमंचावर आला, तरी प्रेक्षागृहात त्याला जागा होतीच असे नाही. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. पोर्गीची भूमिका करणारे टॉड डंकन त्याच शहरातील हॉवर्ड विद्यापीठात शिकवीत. त्यांनी व सहकाऱ्यांनी गाण्यास नकार दिला, तेव्हा त्या प्रयोगांपुरता निर्बंध उठविण्यात आला. खुद्द चार्ल्स्टनमध्ये १९५४ मध्ये कृष्णवर्णीय कलावंतांना घेऊन आखलेला प्रयोग प्रेक्षकांच्या वर्णविभक्त आसनव्यवस्थेच्या प्रश्नावरून बारगळला. त्या शहरात ही संगीतिका प्रथम सादर झाली ती १९७० मध्ये, कॅरोलायनाच्या त्रिशताब्दीनिमित्त. गायकवृंद बहुतांशी स्थानिक होता, आणि दोन्ही वर्णांचे नागरिक एकाच सभागृहात बसून तो ऐकत होते.